इंजन कानानं पाह्यतात!

वऱ्हाडात वाद कोणत्या गोष्टीवरून पेटेल याचा नेम नाही. कापसाचा भाव, निवडणुकीचं तिकीट आणि यंदाचा पाऊस हे तर बारमाही विषय. पण अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्यात टॉवरपाशी चहाच्या टपरीवर उभं राहून नुसतं एवढं विचारून पाहा, “भाऊ, आजवरच्या गाड्यांमधी सगळ्यात चांगलं इंजन कोन्तं?” हातातला चहा निवून जाईल, पण वाद निवायचा नाही. जीपवाला फियाटवाल्याला हसेल, फियाटवाला मारुतीला ‘डबा’ म्हणेल, आणि ज्याच्याकडे आयुष्यात सायकलीपलीकडे वाहन आलं नाही तो सगळ्यांच्या वर आवाज काढून ट्रॅक्सच्या इंजिनाचं नाव घेईल. कारण त्या गाडीच्या मागच्या पायरीवर लोंबकळतच तो कॉलेजात गेलेला असतो.

गाडीचं वेड दोन प्रकारचं असतं. एकाला गाडी बाहेरून आवडते. रंग, काचा, गाद्या, हल्ली तो समोरचा टीव्हीसारखा पडदा. दुसऱ्याला बॉनेट उघडल्याशिवाय चैन पडत नाही. मी दुसऱ्या जातीचा. आमच्या घरात गाडी फार उशिरा आली, पण परतवाड्याला ज्या गल्लीत मी वाढलो तिच्या तोंडाशीच एक गॅरेज होतं आणि शाळेतून घरी यायला मला रोज उशीर होई. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांत वऱ्हाडाच्या रस्त्यांवरून गेलेली बहुतेक इंजिनं मी उघड्या पोटानं पाहिलेली आहेत.

हे वेड आपल्यापुरतं नाही. अमेरिकेतला गाडीवेडा शेवरलेटच्या ‘स्मॉल ब्लॉक’ या आठ सिलिंडरच्या इंजिनाचं नाव देवाचं नाव घ्यावं तसं घेतो. १९५५ साली ते आलं आणि २०११ साली त्या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन कारखान्यातून बाहेर पडलं. जपानी गाड्यांचे भक्त १९९३ च्या टोयोटा सुप्रामधल्या ‘टू-जेझेड’ इंजिनावर जीव टाकतात. तीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, आणि बिडाचा ब्लॉक इतका दणकट की हौशी मंडळी त्यातून मूळच्या दुप्पट-तिप्पट ताकद काढतात आणि ते हूं की चूं करत नाही. अशा इंजिनांची कोष्टकं इंग्रजी मासिकांत छापून येतात. अश्वशक्ती किती, शून्यापासून शंभराचा वेग किती सेकंदांत, वगैरे.

आमच्याकडे सेकंदांची चौकशी कोणी करत नाही. आमचा प्रश्न साधा असतो: मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेलेला असताना, गाडीत माणसं कोंबलेली असताना, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पाणी उकळतं का? आणि उकळलंच, तर पुढच्या गावात ते कोणाला दुरुस्त करता येतं? या दोन प्रश्नांवर जे इंजिन पास झालं ते थोर. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षाही मोठा आहे. शेवरलेटचं ते इंजिन दहा कोटींपर्यंत गेलं ते काही फक्त ताकदीवर नाही. ते कुठल्याही आडगावी उघडता येत होतं, त्याचे सुटे भाग कुठेही मिळत होते, आणि एखादा पोरगा बापाच्या अंगणात त्याच्यावर हात चालवून शिकू शकत होता. जे इंजिन चारचौघांना कळतं तेच थोर होतं.

विहिरीवरची शाळा

आपल्या भागातल्या माणसाचा कान मुळात गाडीवर तयार झालेलाच नाही, तो विहिरीवर तयार झाला. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा ज्यांनी वीज येण्याआधी पाहिल्या आहेत त्यांना विचारा. विहिरीच्या थारोळ्यापाशी एक सिलिंडरचं ऑइल इंजिन धडधडत असायचं. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली निघाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ‘किर्लोस्कर’ हा शब्द वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आडनाव म्हणून नव्हे, पाच हॉर्सपॉवरचं यंत्र म्हणून पाठ झाला. हॅण्डल मारायचं, वेग आला की डिकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा, आणि मग ते ठेक्यात सुरू. रात्रीच्या पाळीला शेतकरी शेजारीच बाजेवर झोपे. इंजिनाच्या आवाजानं त्याला झोप लागे आणि ठेका चुकला की जाग येई. पाणी तुटलं, डिझेल संपलं, की बेल्ट सरकला, हे तो डोळे न उघडता सांगे.

असा कान घेऊन माणूस जीपमध्ये बसला की काय होणार? पहिल्या मैलातच तो ड्रायव्हरला म्हणणार, “टॅपेट वाजून राह्यले तुहे.”

जीप

वऱ्हाडातल्या गाडीवेडाचा पहिला देव जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीनं ती बनवली. तिचं इंजिन ‘गो-डेव्हिल’ या नावानं ओळखलं जाई. चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. मूळ इंजिन ४८ अश्वशक्तीचं होतं. बार्नी रूस नावाच्या इंजिनिअरनं त्याच्यावर मेहनत घेऊन ते साठावर नेलं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच असत, त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ नुसतं झाकण. पुढे ‘हरिकेन’ आलं. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला आणि धूर बाहेर टाकणारा खालीच राहिला. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली, म्हणून जीपचं बॉनेट वर उचलावं लागलं. महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं विकलेली उंच कपाळाची जीप आठवते ना? तिचं कपाळ उंच होतं ते या इंजिनासाठी.

काळ्या कसाच्या जमिनीत पाऊस पडला की काय होतं हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. चप्पल पायात राहत नाही, बैलगाडीचं चाक चिखलाचा गोळा होऊन बसतं. अशा वेळी तहसीलदाराची, पाटबंधाऱ्याच्या साहेबाची किंवा जंगलखात्याची जीप चारही चाकांना जोर लावून, हळूहळू, म्हशीसारखी त्या गाऱ्यातून बाहेर यायची. ही करामत जितकी गिअरची तितकीच इंजिनाची. हे इंजिन कमी फेऱ्यांतही जोर देई. गाडी चालण्याच्या वेगानं जात असली तरी ते गुदमरत नसे. बॅटरी उतरली तर पुढून हॅण्डल मारा. शिकायला सोपं, चालवायला सोपं, फक्त पेट्रोल पाजणं अवघड.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं आणि जीपचा हा देव हळूहळू देवघराबाहेर गेला. त्याच्या जागी डिझेल आलं. आधी ट्रॅक्टरच्या कुळातलं ‘इंटरनॅशनल’ इंजिन. त्याची मजा अशी की बांधावरचा ट्रॅक्टर आणि दारातली जीप यांचं दुखणं एकच मिस्त्री एकाच पान्यानं काढी. त्यानंतर १९८० च्या सुमारास फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं परवान्याखाली बनलेलं इंजिन आलं, महिंद्रांच्या इगतपुरीच्या कारखान्यातून. २११२ सीसी, ९० मिलिमीटरचा बोअर. फ्रेंच उच्चाराशी वऱ्हाडाचं भांडण नव्हतं, पण तो जमणारही नव्हता. स्पेलिंग वाचून आमच्याकडे ते ‘पिजोट’ झालं आणि पिजोटच राहिलं. सकाळी गार इंजिन सुरू करण्याआधी ‘हीटर मारायचा’, म्हणजे सिलिंडरजवळच्या छोट्या तारा तापेपर्यंत थांबायचं, आणि बंद करायला चावी फिरवून भागत नसे, स्टॉपरची तार ओढावी लागे. गाडीत बसलेल्या लहान मुलांना ती तार ओढायला मिळावी म्हणून होणारी भांडणं मी स्वतः केलेली आहेत.

शिकाले फियाट

शहरातल्या पांढरपेशांची भक्ती दोन मूर्तींवर वाटलेली होती. डॉक्टर, वकील, कापसाचे अडते यांच्याकडे फियाट, आणि सरकारी साहेब व पुढारी यांच्याकडे अँबॅसिडर.

फियाटच्या इंजिनाची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. दान्ते जियाकोसा नावाच्या इटालियन इंजिनिअरनं १९३७ च्या फियाट गाडीसाठी १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन केलं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे जी फियाट बनवली, १९७४ पासून जिचं नाव पद्मिनी झालं, तिच्यात याच घराण्यातलं १०८९ सीसीचं इंजिन होतं, आणि ते २००० च्या सुमारास ती गाडी बंद होईपर्यंत राहिलं. म्हणजे साठ वर्षांवर एकाच रचनेचा संसार. आमच्या मुलुखात त्याच्या तोडीचं उदाहरण एकच, मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला. तिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ ला रुळावर आलं आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये उतरलं. एकाहत्तर वर्षं! पण ती आगगाडी, तिचा मान वेगळा.

अँबॅसिडरविषयी लोक उगाच नाक मुरडतात. तिचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरीज’ घराण्यातलं. याच घराण्यातल्या याच मापाच्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर लावून १९५५ साली इंग्रजांनी एमजीए नावाची देखणी, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी काढली होती. आपले कलेक्टरसाहेब दिवा लावून, पडदे ओढून, मागच्या गादीवर रेलून ज्या इंजिनावर जिल्हा फिरत होते त्याचा सख्खा भाऊ तिकडे शर्यतीत पळत होता, याची साहेबांना कल्पना नसावी.

उन्हाळ्यात या पेट्रोल गाड्यांचा एक ठरलेला रोग असे. पंपापाशीच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर दुपारी रस्त्यात रुसून बसायची. त्यावर इलाजही ठरलेला. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बाभळीच्या सावलीत दहा मिनिटं थांबायचं. या दहा मिनिटांत बॉनेटभोवती जमलेल्या घोळक्यात किती मिस्त्री घडले असतील!

आमच्या गल्लीतला मिस्त्री त्यांतलाच एक. आज वय सत्तरीच्या पुढे. त्याला मी परवा तोच टपरीवरचा प्रश्न केला. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि एका दमात सांगितलं, “शिकाले फियाट, कमवाले ट्रॅक्स.”

कमवाले ट्रॅक्स

काळी-पिवळी हा शब्द मुंबईच्या वाचकाला टॅक्सी वाटेल. आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे जीप, कमांडर किंवा ट्रॅक्स, जिच्यात समोरासमोर बाकं आणि बाकांमध्ये माणसं, पोती, कोंबड्या आणि एखादा नवरदेव. परतवाडा, चांदूर बाजार, अकोट, धारणी, या गावांना एसटीनं जोडलं हे खरं, पण एसटी चुकल्यावर काय करायचं याचं उत्तर काळी-पिवळीनं दिलं. बाजाराचा दिवस, बाळंतीण, परीक्षेचा पेपर, मयत, सगळं तिच्यावर.

फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं ट्रॅक्समध्ये बसवलेलं इंजिन होतं मर्सिडीज-बेंझचं, परवान्याखाली आकुर्डीला बनलेलं. ‘ओएम ६१६’, २.४ लिटर, चार सिलिंडर, डिझेल. जर्मनीत हेच इंजिन १९७० च्या दशकातल्या ‘२४० डी’ या मर्सिडीजमध्ये होतं. तिकडच्या टॅक्सीवाल्यांची ती लाडकी गाडी. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं आपल्या २४० डी गाडीवर ४६ लाख किलोमीटर काढले आणि २००४ साली ती गाडी कंपनीनं संग्रहालयासाठी घेतली. वाटेत इंजिनं बदलली होती, हे खरं. पण ४६ लाख म्हणजे पृथ्वीला शंभराहून अधिक फेऱ्या!

म्हणजे बघा, ज्या मर्सिडीजचं नाव काढलं की आपल्याला नटनट्या आणि कारखानदार आठवतात तिचंच काळीज घेऊन सेमाडोह-हरिसालच्या वाटेनं ट्रॅक्स धारणीला जात होती. टपावर तुरीची पोती, आत अठरा माणसं. डिझेलमध्ये रॉकेल किती होतं ते ड्रायव्हरला ठाऊक. घटांगच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये काळा धूर सोडत, पण न थांबता.

या इंजिनाला काय असं वेगळं होतं? मिस्त्रीनं मला ते जुन्या उघड्या ब्लॉकवर बोट ठेवून दाखवलं. पहिलं, सगळं जाडजूड. क्रँक जाड, ब्लॉक बिडाचा, हवं त्याहून जास्त लोखंड. दुसरं, डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी बाजूच्या एका छोट्या कप्प्यात पेट घेतं आणि मग मुख्य सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे धक्का थोडा मऊ बसतो. डिझेल थोडं जास्त लागतं, पण इंजिन पिचत नाही. तिसरं, विजेवाचून चालतं. एकदा सुरू झालं की पंप यंत्राच्याच जोरावर फिरतो. बॅटरी मेली तर उतारावर ढकला आणि दुसऱ्या गिअरात क्लच सोडा. आणि चौथं, झिजलं तर पुन्हा जन्म घेतं. सिलिंडर झिजले की लेथवाल्याकडे नेऊन बोअर करायचे, मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, क्रँक घासून घ्यायचा. याला ‘फुल इंजिन’ म्हणतात. वरवरचं काम असेल तर ‘हाफ इंजिन’. एका इंजिनाला असे तीन-तीन जन्म मिळालेले मी पाहिले आहेत.

मी म्हणालो, “पण आतून झिजलं हे तुम्ही न उघडता कसं ओळखता?”

तो हसला. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून तिथं तळहात धरला. “हे बॅक कॉम्प्रेशन. वाफ जोरानं हाताले लागली का रिंगा गेल्या.” मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतात तसं. “भाऊ, इंजन कानानं पाह्यतात. डोयानं फक्त ऑइल गयते थे दिसते.”

मारुती आणि जिप्सीला इथं दोन परिच्छेद द्यायला हवेत, पण त्यांच्याविषयी सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० हाती पडली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. ‘तीन पायांची गाय’ म्हणून आमच्याकडे तिची टर उडाली आणि पाच वर्षांत टर उडवणाऱ्यांच्याच दारात ती उभी राहिली. सकाळी अर्ध्या चावीत सुरू होणारं इंजिन बायकामुलांच्या हाती पहिल्यांदा आलं ते तिच्यामुळे. आमच्या ओळखीच्या कितीतरी लेडी डॉक्टर ड्रायव्हरवाचून रात्रीच्या व्हिजिटला जाऊ लागल्या, ही या छोट्या इंजिनाची कमाई मी कुठल्याही अश्वशक्तीपेक्षा मोठी मानतो. मेळघाटात जिप्सीच्या पेट्रोल इंजिनाचा गुण वेगळाच, ते गप्प बसतं. वाघ बघायला जाताना हा गुण फार मोठा आहे.

स्कॅनर आणि कान

आता त्या इंजिनाकडे येतो ज्याच्यामुळे मिस्त्रीचं आणि माझं भांडण होतं.

१९९७ साली अल्फा रोमिओच्या एका मोटारीत डिझेलची नवी पद्धत पहिल्यांदा आली, कॉमन रेल. डिझेल एका बंद नळीत प्रचंड दाबाखाली साठवायचं आणि संगणकाच्या हुकमानं, क्षणाच्या हजाराव्या भागात मोजून, प्रत्येक सिलिंडरमध्ये फवारायचं. त्याच घराण्यातलं धाकटं भावंड म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट. २००३ साली आलं, १२४८ सीसी. एका स्फोटासाठी डिझेल एकदम न सोडता थोडं थोडं करून अनेक वेळा फवारतं, म्हणून आवाज कमी, धूर कमी, डिझेल कमी. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला ते बनू लागलं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, अर्टिगा, अशी नावं घ्यायला लागलो तर पान पुरणार नाही. इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत ते बसलं की गाडीवेड्यांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला सुरुवात केली.

माझं मत विचाराल तर हे आपल्या रस्त्यांवर आलेलं सर्वांत हुशार इंजिन. अमरावती-अकोला रस्त्याचा लोणी ते मूर्तिजापूरकडचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्यावरून डिझायर पाचव्या गिअरमध्ये सोडा. दीड हजार फेऱ्यांपर्यंत ते थोडं झोपेत असतं. त्यापुढे टर्बो जागा होतो आणि पाठीला हलका धक्का बसतो. बोरगाव मंजूला पोचेपर्यंत डिझेलचा काटा हललेला नसतो. ट्रॅक्सच्या इंजिनाच्या जवळपास अर्ध्या मापाचं, आणि ताकद तिच्याइतकी किंवा जास्तच.

“हुशार हाये,” मिस्त्री म्हणतो, “पन सांगत नाई.”

त्याच्याकडे आयटीआय झालेला एकोणीस वर्षांचा एक पोरगा हाताखाली आहे. मोबाइलला जोडायचा स्कॅनर त्यानं स्वतःच्या पैशानं आणला. मी गेलो त्या दिवशी एक डिझायर आली होती, इंजिन थरथरत होतं. पोरानं वायर जोडली, आकडे पाहिले आणि जाहीर केलं, “तीन नंबरचं इंजेक्टर.” मिस्त्री तोवर स्क्रू ड्रायव्हर लावून उभा होता. “म्या बी तीनच म्हनलं. मंग तुह्या मशीनले पैसे कायले देले?”

सगळे हसले, पोरगाही हसला. पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. ट्रॅक्सचं नोझल मिस्त्री स्वतः काढून, साफ करून, दाब पाहून पुन्हा बसवी. हे इंजेक्टर त्याच्या हातचं नाही. ते बाहेर पाठवायचं, खास यंत्रावर तपासायचं, नवं बसवलं तर त्याचा क्रमांक गाडीच्या संगणकाला कळवायचा. कान अजून बरोबर सांगतो, पण हाताला काम उरत नाही. तीन नंबर म्हणून ओळखण्याचे पैसे कोणी देत नाही.

आणि २०२० साली मल्टिजेटही संपलं. १ एप्रिलपासून बीएस-६ चे नियम आले, त्या मापात बसवायला खर्च परवडेना, म्हणून इंजिन बंद. जुनी इंजिनं साठ-साठ वर्षं चालली. हे आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांत आलं नि गेलं.

इथं आमचे गाडीवेडे मित्र उसासे टाकतात आणि सरकारच्या नावानं बोटं मोडतात. मी त्यात सामील होत नाही, आणि त्याचं कारण मिस्त्रीच आहे. बोलताना तो मध्ये थांबतो. खोकतो. दोन जिने चढले की बसतो. बिडी त्यानं कधी ओढली नाही. चाळीस वर्षं बंद शेडमध्ये चालू इंजिनावर वाकून, नोझल नीट बसलं की नाही ते धुराच्या रंगावरून ठरवण्यात गेली. २०१२ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर हा माणसात कर्करोग करणारा पदार्थ आहे, असं जाहीर केलं. मिस्त्रीला कर्करोग नाही, पण अमरावतीच्या डॉक्टरांनी छातीची फिल्म पाहून गॅरेज सोडा असं सांगितलं आहे. घटांगच्या चढावर ट्रॅक्सच्या मागून सायकलनं शाळेत जाणारी पोरं तोच काळा धूर पीत होती. हे थोर इंजिनाच्या हिशेबात धरायचं की नाही? मी धरतो. आणि तरीही ट्रॅक्सला पहिला नंबर देतो, कारण तिच्यावाचून त्या गावांना त्या काळात दुसरं काही नव्हतं, आणि कारण तिनं शेकडो पोरांना हातचं काम दिलं. धूर न सोडणारं आणि तरीही गावातल्या माणसाला उघडता येणारं इंजिन कोणी का करत नाही, हा माझा मिस्त्रीशी नव्हे, मोठमोठ्या कारखानदारांशी वाद आहे. विजेच्या गाड्या तर येऊच लागल्या आहेत. तिथं धुराचा प्रश्न गाडीपुरता मिटला, पण बॅटरीच्या पेटीला मिस्त्रीनं हात लावायचा की नाही, हे अजून कोणी त्याला सांगितलेलं नाही.

पोरानं मात्र आपल्यापुरतं ठरवलंय. दिवसा मिस्त्रीकडे टॅपेट आणि बोअर शिकायचं, संध्याकाळी मोबाइलवर विजेच्या मोटरीचे धडे पाहायचे. “दोन्ही येऊन राह्यलं पाह्यजे, काका,” तो मला म्हणाला. मिस्त्री ऐकत होता, बोलला नाही. नंतर मी निघताना हळूच म्हणाला, “कान आहे पोराले.” त्यानं कोणाचं याहून जास्त कौतुक केलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

डॉक्टरांनी सांगूनही गॅरेज सुटलेलं नाही. सध्या शेडच्या मध्यभागी एक ओएम ६१६ उघडं पडलंय. धारणीकडच्या एका शेतकऱ्याची ट्रॅक्स आहे, काळी-पिवळीचा परवाना कधीच गेला, आता ती शेतमाल वाहते. मालकाला ती मोडीत काढायची नाही. ब्लॉक लेथवाल्याकडून बोअर होऊन आलाय, क्रँक घासून झालाय, अडलंय ते मोठ्या मापाच्या पिस्टनवर. अकोल्यात चौकशी झाली, नागपूरला झाली. शेवटी इंदूरच्या एका जुन्या दुकानात एक संच निघाला. मिस्त्रीनं फोनवर दुकानदाराकडून माप दोनदा वाचून घेतलं, पोरानं पैसे पाठवले. पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीनं गुरुवारी येणार आहे. फिटिंग पोरगा करणार, आणि मिस्त्री दारात, उघड्या हवेत, खुर्ची टाकून ऐकणार.